हिंमतरावाच्या दारात फादर

फादर इनास आमच्या गावात आले ते थेट वसईकडून. लोणारच्या अलीकडे आमचं गाव. ख्रिस्ती घर एकही नाही. मिशनच्या दोन खोल्या, त्यात हा उंच, वाकलेला माणूस आणि चार शिलाई मशिनी. गावच्या बाया तिथं शिवण शिकायला जात. फादरचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. तेव्हापासून कुठंही लढाईचं वारं सुटलं, की ते ‘युद्ध नको’ अशी पाटी घेऊन बस स्टँडवर उभे राहत. लोक विचारत, “बाबा, काय इकून राह्यले?” ते खुशाल सांगत, “फुकट आहे. घ्या.”

त्यांच्या पहिल्या दसऱ्याची मजा सांगतो. आमच्याकडे साधू दिसला की त्याच्या हातून पूजा करून घ्यायची, मग तो कोणत्या का देवाचा असेना. माझा शेजारी हिंमतराव, त्याच्या घरी परवान्याची बंदूक. त्यानं मोठ्या मानानं फादरला पाटावर बसवलं, शस्त्रपूजेचं ताट पुढं केलं. फादरनी विळ्याला कुंकू लावलं, कुऱ्हाडीला लावलं, वखराला लावलं आणि ताट खाली ठेवलं.

“फादर, बंदूक रुसली न!” हिंमतराव म्हणाला.

“रुसू द्या. ती बोलायला लागली की पंचाईत.”

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. त्याच संध्याकाळी फादरनी हिंमतरावाचा हात धरला आणि त्याला आपट्याच्या पानांसकट शालिग्रामच्या दारात नेऊन उभं केलं. दोघांची शेतं लागून, अन् धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बंद होतं. पण दसऱ्याचं सोनं घेऊन आलेल्याला आमच्यात कोणी परत पाठवत नाही. दोघं गळ्यात पडले.

मागच्या उन्हाळ्यात मात्र सीमेवर तोफा सुरू झाल्या, आणि हिंमतरावाचा पोरगा गोकुळ फौजेत, तिथंच. फोन लागेना. गोकुळची माय रुखमाबाई भाकर थापता थापता थांबून जायची. फादर पाटी घेऊन स्टँडवर गेले. हिंमतरावानं तिथं जाऊन ती हिसकली आणि मोडली.

“माहा पोरगा तिकडं छातीवर झेलून राह्यला, अन् तुम्ही त्याचे हात बांधता?”

“हिंमतराव, मला तो जिवंत हवा आहे.”

“मंग मले काय मेलेला पाह्यजे? माह्या दारात पाय ठेवू नका!”

मी मधे पडलो. “म्हातारा माणूस आहे बे, काऊन असं बोलतं?”

“पुंजाजी, तुहा पोरगा एसटीत कंडक्टर आहे. तू बोलू नोको.”

शिवणाला बाया यायच्या बंद झाल्या. पुढं तोफा थांबल्या, गोकुळचा फोन आला, तरी हिंमतराव निवळला नाही.

दसऱ्याला फादर म्हणाले, “पुंजाजी, आज तरी तो मला परत पाठवणार नाही. चला.”

हिंमतराव ओसरीवर होता. आम्हाला पाहून उठला, आत गेला आणि कडी लावली. अख्ख्या जन्मात मी दसऱ्याला असं पाहिलं नव्हतं. फादर पानं धरून उभे. लोक यायचे, आमच्याकडं पाहून निघून जायचे. “चला आता,” मी म्हटलं. ते हलले नाहीत.

शेवटी कडी निघाली. दारात रुखमाबाई. तिनं पदरात सोनं घेतलं आणि हळूच विचारलं, “फादर, पुन्हा पेटलं तं माहा गोकुळ वापस येईन का हो? तुम्ही देवाचे माणूस, सांगा न.”

‘येईल’ म्हणायला काय जातं? मी तर म्हटलं असतं. फादर म्हणाले, “मला माहीत नाही, रुखमाबाई. माझ्या आईलाही कोणी सांगू शकलं नव्हतं.”

आतून हिंमतराव ओरडला नाही. बाहेरही आला नाही.

पौषात फादर वारले. बुलढाण्याला मातीला मी गेलो, तर रुखमाबाई आधीच येऊन बसलेली, एकटी. प्रार्थनेत लोक उठले की उठायची, बसले की बसायची. परतीच्या गाडीत मी विचारलं, “हिंमतरावाले सांगून आली का?”

“हाव, भाऊजी.”

“काय म्हणे?”

“काई नाई. फाट्यावर आणून सोडलं. एसटी येईलोक उभे होते.”