तिसांतली सातवी

आमच्या घरात साड्यांना तोटा नाही. वडगावातलं सासर, घरचे पॉवरलूम, आणि मी स्वतः पंचवीस वर्षं फॉल-पिकोचं दुकान चालवलेलं. म्हणून मुलगी बेंगळुरूला नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला विचारती झाली, "आई, कसली साडी आणू?" तेव्हा मी हातच जोडले. म्हटलं, बाई गं, साडी नको. त्या जपानी म्हाताऱ्याचा एक फोटो आण.

हा म्हातारा म्हणजे रस्त्यावर हिंडून फोटो काढणारा माणूस. मुलीनं एकदा त्याच्या प्रदर्शनाला नेलं होतं. मला वाटलेलं, देवळं असतील, डोंगर असतील. तर कुठलं काय! सिग्नलला ताटकळलेली माणसं, पावसात सायकल ढकलणारा कुणी, भाजी निवडत बसलेली बाई. तासभर मी तिथून हलले नाही. तेव्हापासून दर दिवाळीला एक, अशा चार प्रिंटा भिंतीवर लागल्या.

या प्रिंटा मोजक्याच काढतात. एका फोटोच्या तीस, की संपलं. खाली कडेला पेन्सिलीनं नंबर आणि सही. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडं नाही का, एखाद्या डिझाइनच्या ठरावीक साड्या विणून झाल्या की ते डिझाइन बंद!

पाचवी आली गेल्या दिवाळीला. एक बाई मानेत छत्री धरून दुकानाचं शटर वर उचलतेय. फक्त पाठ दिसते. मी किती वर्षं तस्संच शटर उचललंय, काय सांगू! माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आम्ही त्यांना आक्काच म्हणतो, पहिल्यांदा दाखवली. त्यांनी चष्मा नाकावर ओढून खालचा नंबर वाचला. सात छेद तीस, म्हणजे तिसांतली सातवी.

"तीसपैकी सात? नापास झालाय की गं तुझा म्हातारा!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्याच आठवड्यात मला एका साखरपुड्याला निपाणीला जावं लागलं. फ्रेमवाला माप घ्यायला येणार होता, म्हणून आक्कांना घरी बसवून गेले. संध्याकाळी परतले, तर आक्का खुशीत.

"स्वच्छ करून ठेवलीया बघ. त्यो नंबर पुसून टाकला खोडरबरनं."

मी प्रिंट उचलून खालची कड बघितली. "आक्का, का पुसलासा?"

"का म्हंजे? फ्रेमीत नंबर बरा दिसतोय व्हय? सही तेवढी ठेवली. ती मालकाची असंल."

त्यांचंही चुकलं नव्हतं. मागावरून साडी उतरली की विणणाऱ्याचा नंबर पेन्सिलीनं काठाशी घालतात आणि घडी घालायच्या आधी तो पुसून काढतात. आक्कांनी उभा जन्म तेच केलेलं. पण नंबर गेला म्हणजे ही त्या तिसांतली कितवी, हे सांगायला कागदावर खूणच राहिली नाही. मी हे बोलले, आणि जरा चढ्या आवाजात बोलले. आक्कांनी पदर सावरला आणि निघून गेल्या. आठ दिवस फिरकल्या नाहीत. खरं सांगते, पहिले दोन दिवस मला प्रिंटचंच दुःख जास्त होतं. तिसऱ्या दिवशी चहा एकटीनं प्यायला, तेव्हा आक्का आठवल्या.

मुलीनं या प्रिंटा विकणाऱ्या जपानमधल्या लोकांना ईमेल लिहिली, जे झालं ते सगळं. उत्तर आलं ते लई साधं होतं. पेन्सिल पुसली तरी कागदावर दाब राहतो, प्रिंट तिरप्या उजेडात धरून बघा, आणि नंबर वाचता आला तर कळवा.

मी धरली. उजवीकडून, डावीकडून. मला काही दिसेना. शेवटी पेटीत घातली आणि आक्कांच्या दारात गेले.

"कशाला आलीस?" त्या खाटेवरनं उठल्यासुद्धा नाहीत.

"माझे डोळे न्हाय चालत. तुमच्याशिवाय हे कुणाला दिसायचं न्हाय, आक्का."

मग हात पदराला पुसून त्यांनी पेटी ओढून घेतली. खिडकीशी गेल्या आणि प्रिंट डोळ्याच्या पातळीला आडवी धरली. साडीत धागा सुटलाय का, ते बघायची त्यांची रीतच तशी. प्रिंट हळूहळू फिरवली. एका जागी थांबल्या.

"हितं बघ. आडवी रेघ, मग तिरकी. सात! आनि ह्यो तिनाचा गोल. गेलाय कुठं, हाय की तिथंच!"

त्यांच्या बोटाशेजारी डोळा नेला तेव्हा मलाही दिसला.

आम्ही कळवलं. तिकडून उत्तर आलं की त्यांच्या वहीतही हाच नंबर माझ्या नावापुढं आहे. प्रिंट परत पाठवली तर फोटोग्राफर स्वतः पुन्हा लिहून देतील. मुलगी म्हणाली, पाठवूया. मी आक्कांना विचारलं.

"एवढ्या लांब धाडून वाटंत मोडली-बिडली तर? न्हाय गं. राहू दे असाच."

तशीच फ्रेम केली, आणि खिडकीचा उजेड बाजूनं पडतो त्या भिंतीवर लावली. आता घरी पाहुणे आले की आक्काच पुढं होतात. परवा आक्कांच्या सुनेच्या माहेरची मंडळी आलती, तर त्यांना खांद्याला धरून भिंतीला चिकटवून उभं केलं.

"समोरनं न्हाय वो, समोरनं काय दिसत न्हाय. असं बाजूनं या. आता वाका जरा. दिसला?"

पाहुणे कमरेत वाकून "व्हय व्हय" म्हणत होते. त्यांना खरंच दिसला का, देव जाणे. आक्का मात्र मला म्हणाल्या, "पुढची कंची मागवतीस? ह्या खेपंला मी बी तुझ्याबरोबर बघून ठरवनार."