आगळातला बार्बेक्यू सॉस

घराला कुलूप लावून मी रिक्षात बसले, तेव्हा थोरल्या जाऊबाई रिक्षाचा दांडा धरून उभ्या होत्या. हे गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि मुलाचं, नितीनचं, एकच टुमणं, आई, गावाला एकटी राहू नकोस, बोरीवलीला ये. “परत कधी येतलंस?” जाऊबाईंनी विचारलं. “भातकापणीक येतलंय,” मी म्हणाले. दोघींचाही त्यावर विश्वास नव्हता आणि दोघीही रडत होतो.

वाडीत मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, म्हातारी मुंबईत मजेत आहे. माझ्यासारख्या उतारवयात मुलांकडे आलेल्या बायकांना विचारा. सातव्या मजल्यावरचं घर, दाराशी लिफ्ट, खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं. त्रास काहीच नव्हता आणि हाच त्रास होता. माझी सून रीना इथल्याच गावठाणातली, ख्रिश्चन, माहेरीही मराठीच बोलणारी. बँकेत नोकरीला आहे. स्वयंपाक आटपून ऑफिसला जाते, भांड्यांना बाई येते. मी ओट्याकडे वळले की म्हणायची, “आई, तुम्ही बसा ना, आयुष्यभर केलंत.” प्रेमानंच म्हणायची. पण जिच्या हातचं खायला वाडीतली माणसं निमित्त शोधून यायची, ती मी सोफ्यावर बसून मालिका बघत होते. पाहुणी म्हणून माणूस राहणार तरी किती? कापणीपर्यंत न थांबता परत जायचं मी ठरवलं. रविवारी पाहुणे गेले की नितीनला सांगणार होते.

पाहुणे म्हणजे रीनाच्या माहेरची माणसं. तिचे भाऊ सोसायटीच्या टेरेसवर कोळशावर चिकन भाजणार होते, सॉस रीनाचा. विकतचा बार्बेक्यू सॉस तिला चालत नाही. तिनं कांदा-लसूण परतून वाटला, टोमॅटो शिजवून गाळले, गूळ घातला, मोहरीची पूड, मीठ आणि तिच्या आईनं घरी कांडून बाटल्यांत ठासून भरलेला मसाला. मी दारात उभी राहून बघत होते. बोलता बोलता तिचा हात थांबत नाही, डाव तळापासून फिरतो. चव घ्यायची तर थेंबभर हाताच्या पाठीवर. मी स्वतःला सुगरण समजते, तसं तोंडानं म्हणतेही. पण इतका निगुतीचा हात मी फार थोड्या जणींचा पाहिलाय.

व्हिनेगर मात्र संपलं होतं. दुकानवाला म्हणाला, माल संध्याकाळी येईल. मी माझ्या पिशवीतून आगळाची बाटली काढली, आपल्याच परसातल्या कोकमांचा आंबट रस, मीच घातलेला.

“आई, ही तुमची शेवटची ना? राहू दे.”

“तुका आंबट होया ना? घे.”

तिनं वाटीभर ओतलं, ढवळलं, चाखलं आणि डोळे मिटून घेतले. “आई, वाट लागली.”

मीही चाखला. नुसता खारा. आगळात रस टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलेलं असतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सुचलंच नाही. आपल्याकडे हे कोण कोणाला सांगतं? आणि मीठ तर तिनं आधीच बेताचं घातलेलं.

पाहुणे दुपारी यायचे होते. मला वाटलं, आता ही चिडणार, निदान पातेलं तरी आदळणार. तिनं आणखी एक थेंब चाखला आणि म्हणाली, “पण वास काय झकास आलाय, आई. आता काय करायचं, तुम्हीच सांगा.” आणि गॅससमोरून बाजूला सरकली. ऐन घाईत आपल्या ओट्यापुढची जागा दुसरीला देणं सोपं नसतं. मी माझ्या सासूला दिली नसती. जाऊबाई, तुम्हाला तर नाहीच नाही.

“मीठ आता भायर काढूक येवचा नाय गो. सॉसच वाढव.”

मग घरातले सगळे टोमॅटो, कांदे आणि गूळ कामी आले. मीठ अजिबात नाही. तिनं चिरायचं, मी आटवायचं. शेवटी मी नारळाची करवंटी पेटवून तिचा निखारा वाटीत घेतला, वाटी सॉसमध्ये ठेवली, वर तेलाचा थेंब टाकला आणि झाकण घातलं. घरभर धूर. नितीन धावत आला, “काय जळलं?” “काही नाही, तू वर जा,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो आणि हसत सुटलो.

सॉस काळसर, चकचकीत, डावाला धरून राहणारा झाला. टेरेसवर रीनाचे वडील बोटं चाटत म्हणाले, “काय टाकलंयस गं यात?” माहेरच्या माणसांसमोर ही काय सांगते, म्हणून मी कान टवकारले.

“मी खारट करून ठेवला होता, डॅडी. आईंनी सुधारला. आमच्या घरी आता असाच होणार.” एवढं बोलून ती भावाला ताट द्यायला गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या घरी. मला फार बरं वाटलं. हे गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. नितीनला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही.

हल्ली सकाळी जाग आली की आधी डोक्यात येतं, आज डब्याला काय करायचं. मासे मी आणते, आमटी रीना करते, आणि मीठ कोणी घातलं हे ओरडून एकमेकींना सांगतो. गावचं घर माझंच आहे, कोकमाची झाडंही माझी. जाऊबाई, कापणीला मी येणार आहे. यंदा रीनाही येईल, आणि मे महिन्यात कोकमं पिकली की पुन्हा, तिला आगळ घालायला शिकायचंय. बोरीवलीचं परतीचं तिकीट मात्र आम्ही आधीच काढून ठेवलंय.