रेकॉर्डवरची रेघ

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोला नाही, विलासला नाही, आणि बबनला — बबनला तर नाहीच नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं सांगीन, तेवढं ऐकून घ्या. सरळ मुद्द्यावर यायची छाती असती तर इतकी वर्षं गेली असती का?

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. प्रवरेकाठच्या आमच्या कोल्हारात आम्ही तिघं मित्र — विलास, बबन आणि मी. मिसरूड फुटलेलं, कामधंदा बेताचा. विलासचा थोरला भाऊ नगरला लष्करात ड्रायव्हर. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबानं मागं टाकलेल्या सामानात त्याला एक लाँग प्ले रेकॉर्ड सापडली, ती त्यानं विलासला आणून दिली. कव्हरवर खांद्यापर्यंत केस सोडलेली चार विलायती पोरं, आमच्याकडं अशी बघत होती की जणू आम्हीच त्यांच्या गावात आगंतुक! बँडचं नाव इथं लिहीत नाही. माझ्या पापात त्यांना कशाला ओढू? आम्ही त्यांना नुसतं ‘चौघं’ म्हणायचो.

ती वाजवायचं मशीन आमच्या ओळखीत एकच — बबनच्या चुलत्याचं. तात्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता, आणि लग्नकार्यात मशीनवर बसायचा मान बबनचा. बबनचं अख्खं जग तेवढंच हो. अभ्यासात राम नाही, शेतात जीव रमत नाही, पण मशीनसमोर बसला की राजा.

पहिल्यांदा ती रेकॉर्ड लागली तेव्हा आम्ही कनाती-बांबूंच्या शेडमध्ये बसलो होतो. शब्द एक कळला नाही. पण ढोल सुरू झाला, मागून ती गिटार अंगावर आली, आणि — काय सांगू? माझ्या छातीत कुणीतरी दार उघडलं असं वाटलं. विलास तर रडला. आम्ही त्याला पुढं कित्येक महिने त्यावरून छळलं, पण खरं सांगतो, रडायला मलाही आलं होतं.

मग ठरलं. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तशी रेकॉर्डची पाळी. एकेक आठवडा एकेकाच्या घरी. वाजवायची रविवारी, शेडमध्ये, तिघांनी मिळून. बाकी दिवस नुसती जवळ ठेवायची, कव्हर बघायचं, वास घ्यायचा. हसा तुम्ही! पण माझ्या पाळीच्या आठवड्यात मी ती उशाशी घेऊन झोपायचो.

आणि माझ्याच पाळीत ते झालं.

झालं म्हणजे — नाही, झालं काय? मी केलं. आमच्या घरी वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता, भजनांच्या जुन्या जाड तबकड्यांचा. बबननं आम्हाला बजावून सांगितलं होतं, ‘त्या मशिनीवर ही घालायची न्हाई. लोखंडी सुई खाऊन टाकील तिला.’ मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. पण घरचे सगळे लग्नाला गेलेले, दुपारची वेळ, आणि रविवार अजून लांब. पाण्याची पाळी नसताना बांध फोडणाऱ्याला आपण शिव्या देतो की नाही? मी तेच केलं. चावी दिली, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. डुकरासारखी किंचाळली ती! मी घाबरून हात मारला आणि ती जड सुई रेकॉर्डवरून आडवी घसरत गेली. उजेडात धरून पाहिली तर एक बारीक पांढरी रेघ. शर्टाच्या बाहीनं पुसली. रेघ कुठं पुसली जाते?

रविवारी मी रेकॉर्ड बबनच्या हातात दिली आणि गप्प बसलो.

आता बबनच्या मशीनची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या पिनेला दोन तोंडं होती — जुन्या तबकड्यांना एक, लाँग प्लेला दुसरं. रेकॉर्ड बदलली की पिन उलटवायची. विसरलात तर नाजूक रेकॉर्डची वाट लागायची. बबननं पिन उलटवली, मी शेजारी बसून पाहिली. रेकॉर्ड सुरू झाली, आणि ढोलाच्या ऐन भरात अडकली. तोच ठेका, तीच आरोळी, पुन्हा तीच, पुन्हा तीच. विलासनं झडप घालून रेकॉर्ड उचलली, रेघ पाहिली आणि किंचाळलाच, ‘पिन उलटवली न्हाईस ना? मारलीस तू तिला!’

आवाज ऐकून तात्या आत आले. बबन एवढंच म्हणत होता, ‘तात्या, पिन बरोबर हुती.’ मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. ‘तू हुतास की शेजारी. सांग की रं, म्या पिन उलटवली का न्हाई?’

मी काय म्हणालो माहीत आहे? ‘माझं ध्यान नव्हतं.’

बस. एवढंच. त्यातून तात्यांनी ठरवलं की बबनचा हात मशीनला लागणार नाही. ‘पिनेचं ध्यान ठिवता येईना, अन् म्हणं मशीनवर बसायचंय! जा, मेखा ठोक.’ आणि मशीनवरचा राजा भर उन्हात मेखा ठोकू लागला. विलास त्याच्याशी बोलेना. मी बोलायचो. बोलायचोच — जास्तच गोड बोलायचो.

मग देवीची यात्रा आली. पावसानं दगा दिलेलं वर्ष, त्यात तमाशाचा फड ऐनवेळी आलाच नाही. दुपारी माणसं तोंडं पाडून बसलेली, लेझीमवाले आणि हलगीवाले पालखीची वाट बघत ताटकळलेले. तात्या जेवायला गेले आणि जाताना बबनला म्हणाले, ‘नुसतं बस हितं. हात लावू नको कशाला.’ पण लावलेली रेकॉर्ड संपली, आणि विलासनं — कसला राग, कसलं काय! — पिशवीतून चौघांना काढून बबनसमोर धरलं. ‘लाव रं. व्हायचं ते होऊ दे.’

बबननं पिन उलटवली. कर्ण्यांतून चौघं अख्ख्या कोल्हारावर कोसळले! म्हाताऱ्यांनी कानांवर हात घेतले, पोरं उठून उभी राहिली. आणि त्या जागी, ढोलाच्या भरात, रेकॉर्ड अडकली. तोच ठेका, तीच आरोळी. बबनचा हात पिनेकडं गेला, तेवढ्यात हलगीवाल्यांतला थोरला ओरडला, ‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे तसंच!’ आणि त्यानं तो ठेका हलगीवर उचलला.

काय घुमली हो हलगी! लेझीम खळाळली, सगळं मैदान उठलं. विलायतेतली आरोळी आणि आमची हलगी, पुन्हा तीच, पुन्हा तीच, आणि माणसं घामेघूम होऊन नाचताहेत. तात्या खरकट्या हातानं धावत आले, शिवी ओठांवर, आणि समोरचं बघून थांबले. मग मोठ्यानं म्हणाले, ‘बबन, उठू नको मशीनवरून!’ सरपंचांनी बबनला फेटा बांधला. विलासनं त्याला खांद्यावर घेतलं. मीही नाचलो. आयुष्यात तसा कधी नाचलो नाही.

आणि नाचता नाचता माझ्या मनात काय आलं, सांगू? हा फेटा माझा आहे. रेघ मी ओढली!

बदनामी होती तोवर ती रेघ त्याच्या गळ्यात घातली, आणि मान मिळाला तेव्हा मला ती परत हवी होती. ओठांवर आलं होतं. पण मान मागायचा तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं, म्हणून गिळलं.

पुढं लग्नालग्नांतून ‘ती अडकणारी लावा’ अशी मागणी येऊ लागली. बबनचं नाव झालं. आज नगरला सावेडीत त्याचं साउंडचं मोठं दुकान आहे. चौघं अजून वाजवताहेत, पिकल्या केसांनी, आणि आम्हीही तिघं पिकल्या केसांनी त्याच्या दुकानात जमून ऐकतो. परवा त्याच्या नातवानं तेच गाणं मोबाईलवरून मोठ्या स्पीकरला लावलं. ती जागा आली आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं. तिघंही एकदम ओरडलो, ‘चुकलं!’ मग बबननं कपाटातून जुनी रेकॉर्ड काढली, लावली, ती अडकली, आणि आम्ही तिघं म्हातारे दुकानात नाचलो. गिऱ्हाइकंसुद्धा नाचली!

दम लागून खाली बसताना बबन नातवाला म्हणाला, ‘ही रेघ माझ्या हातची हाय बरं. पिन उलटवायची इसरलो हुतो म्या.’

अभिमानानं म्हणाला. खरंच वाटतं त्याला आता तसं.

त्याचा अभिमान मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं मी म्हणू शकतो. पण ते खोटं आहे. भ्यालो होतो तेव्हा, आणि तेव्हापासून भीतच आलो.

बबन, तुझी पिन बरोबर होती. मी पाहिली होती.