मोकळी दिसणारी मेमरी

उटनूरला दाखले देणाऱ्या एका केंद्रात मी कंत्राटी ऑपरेटर होतो. घरातला पहिला पदवीधर. माझा जातीचा दाखला अशाच एका खिडकीतल्या बाईंनी जेवणाचा डबा बाजूला ठेवून काढून दिला होता, म्हणून कॉलेज मिळालं. आता खिडकीच्या आत मी बसायचो, याचं मला फार अप्रूप होतं.

आमच्याकडे तपासणी आली की टेबलं मोकळी करायची पद्धत होती. रोजच्या फायलीसुद्धा मागच्या खोलीत कोंबायच्या. साहेब खूश होऊन जायचे आणि मग कितीतरी दिवस कोणालाच काही सापडायचं नाही. त्या खेपेला हैदराबादचे साहेब सर्व्हरही बघणार होते. आमच्या सुपरवायझरांनी स्क्रीनवर पाहिलं, तर मोकळी मेमरी जवळजवळ नव्हतीच.

“काऊन रे, सारी मेमरी खाऊन राह्यलं हे मशीन?”

“खात नाही, सर. मशीनचा आतला कारभार कर्नल नावाचा प्रोग्राम पाहतो. वाचलेल्या फायली तो मेमरीत हाताशी ठेवतो, म्हणजे पुन्हा डिस्कवर शोधाव्या लागत नाहीत. दुसऱ्या कामाला जागा लागली की आपणहून सोडतो.”

“मंग आताच सोड मना त्याले. साहेबाले मोकळी जागा दिसली पायजे.”

हुकूमच होता. ही साठवण सतत रिकामी करत राहणारी एक ओळ मशीनमध्ये घालावी लागली. तपासणीच्या दिवशी स्क्रीनवर मेमरी मैदानासारखी मोकळी दिसत होती आणि खिडकीपुढची रांग हलत नव्हती. प्रत्येक दाखल्याला नमुना, अक्षरांचे फॉन्ट, नोंदी, सगळं डिस्कवरून नव्यानं वाचलं जात होतं.

रांगेत जंगलातल्या एका गावची मुलगी वडिलांबरोबर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला नर्सिंगचं काउन्सेलिंग होतं. दाखला नसेल तर तिची जागा जाणार होती.

“भाऊ, आमचं कवा होते? संध्याकाळची बस हाये,” वडील म्हणाले.

मी आत गेलो. “सर, ती ओळ काढू द्या. पोरीची बस चुकेल.”

“अन् साहेबाले काय दाखवू? तुहं तोंड?”

साहेब उशिरा आले. उभ्या उभ्या स्क्रीन पाहिली, “अच्छा है” म्हणाले आणि चहा घेऊन गेले. त्यांची जीप फाटकाबाहेर पडायच्या आत मी ती ओळ काढून टाकली. साठवण पुन्हा भरेपर्यंत पहिले काही दाखले रखडत निघाले, मग मशीन पूर्वीसारखं धावायला लागलं.

सुपरवायझर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पाह्य, साफ केलं तं कसं पळून राह्यलं!”

मुलीच्या हातात दाखला पडला तोवर बस गेली होती. “इचोड्याले हायवेवर जातो,” वडील म्हणाले. “तिथून एखादा ट्रक भेटन.” दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालताना ती मला म्हणाली, “थँक्यू, सर.”

ती वेळेत पोचली की नाही, मला कधीच कळलं नाही. डबा बाजूला ठेवणाऱ्या त्या बाईंना मीही असंच थँक्यू म्हणालो होतो. पण माझी बस त्यांनी चुकू दिली नव्हती.