मोसंबीच्या क्रेटांमागे नाकारलेलं पत्र

मी नागरिकशास्त्र शिकवतो. अन्याय झाला तर न्यायालयात दाद मागता येते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्यामुळे माझ्यावर अन्याय झाला तेव्हा मी काय दिवे लावले, ते पोरांच्या कानावर जाऊ नये अशी माझी फार इच्छा होती. गेलंच.

आमची शाळा गेवराईजवळच्या एका गावात. खाजगी संस्थेची, पण अनुदानित. म्हणजे पगार सरकारचा आणि हुकूम संस्थेच्या अध्यक्षांचा. अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं की आम्हा शिक्षकांना कामं वाटून दिली जातात. गणिताच्या सरांकडे गाड्या लावणं, विज्ञानाच्या सरांकडे वरण-भात, आणि माझा आवाज खणखणीत म्हणून माझ्याकडे माइक. आमच्याकडच्या लग्नात माइकवाल्याला नवरदेवापेक्षा जास्त काम असतं. मंडपात पुढारी शिरला की त्याचं पद पुकारायचं, आणि पद नसेल तर होऊ घातलेलं पद पुकारायचं.

अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकांच्या जरा आधी, कडक इस्त्रीतले एक गृहस्थ आठ-दहा माणसं घेऊन आत आले. मी जोरात पुकारलं, "आपल्या तालुक्याचे भावी आमदार यांचं वधूपक्षाच्या वतीनं हार्दिक स्वागत!"

मंडपातल्या सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. भावी आमदार आमचे अध्यक्ष होते. आत आलेले गृहस्थ त्याच तिकिटासाठी धडपडणारे त्यांचे विरोधक. चूक सावरावी म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "म्हणजे, दोघंही भावी आमदार!" त्यानं दोघंही नाराज झाले.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठून कानात सांगितलं, "सर, तुमच्या नावानं रजिस्टर पोस्ट निघालंय. बडतर्फीचं." आधी नोटीस नाही, चौकशी नाही. अठरा वर्षांची कायम नोकरी एका पाकिटात घालून पाठवली होती.

नागरिकशास्त्राच्या शिक्षकानं अशा वेळी काय करावं? मी लपलो. माझा तर्क साधा होता: पत्र हातात पडलंच नाही, तर बडतर्फी लागू होणार कशी? मी गेवराईत राहतो त्या घराच्या खाली एका चाचांचं फळांचं दुकान आहे. पोस्टमन दिसला की चाचा वर बघून खोकायचे. पहिल्या दिवशी मी मागच्या दारानं सटकलो. दुसऱ्या दिवशी दुकानातच सापडलो, म्हणून मोसंबीच्या क्रेटांमागे बसलो. पोस्टमन तिथं वाकला.

"सर, सही करा."

"मला घ्यायचं नाही."

"बघा बरं. तसं लिहू का?"

"लिहा की!"

त्यानं पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं, तारीख टाकली आणि सायकलवर टांग मारली. मी छाती काढून उठलो.

"पाकीट गेलं सर," चाचा म्हणाले. "पण नोकरी ऱ्हाईली का?"

"राहिली ना!"

"मग पोस्टमन कावून हसत गेला?"

दुसऱ्या दिवशी मस्टरवर माझ्या नावावरून लाल रेघ ओढलेली होती. मी रेघेवरच सही केली. तिसऱ्या दिवशी मस्टर कपाटात आणि कपाटाला कुलूप. मी घरी बसून 'हा कायदेशीर डाव आहे' असं बायकोला समजावत राहिलो. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "तुमच्या तासाला नवीन सर शिकवायलेत. पोरांना लई आवडतेत म्हणं." मी तडक बीडची एसटी धरली.

वकीलबाईंनी माझी हकिकत ऐकली, चष्मा काढला आणि डोळे पुसले. रडून नव्हे.

"सर, नाकारलं म्हणजे मिळालं. कायद्याच्या हिशेबानं त्याच दिवशी ते तुमच्या हातात पडलं. तिथून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं असतं. आज कितवा?"

मी बोटं मोजली. "सव्विसावा."

"उशीर झाला तरी माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. काय लिहू? अपीलकर्ता मोसंबीमागं होता?" मग त्यांनी हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"बडतर्फीचा आदेश. ज्याच्याविरुद्ध भांडायचं, तो कागद बघायला नको का मला?"

अशा रीतीनं जे पाकीट माझ्यामागं धावलं होतं, त्याच्यामागं मी धावायला लागलो. ते परत फिरून संस्थेच्या कपाटात पडलं होतं. हेडक्लार्क मला बघून खुशीत आला.

"आमी घरपोच धाडलं तवा न्हाई घेतलं. आता मागायला आलाव व्हय?"

"चुकलं माझं."

"साहेबांना विचारावं लागंल."

साहेबांना, म्हणजे अध्यक्षांना, फोनवरच गुदगुल्या झाल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी ते परिपाठाच्या वेळी स्वतः आले. सगळी शाळा मैदानात उभी. "याचा आवाज लई मोठा हाय ना?" ते म्हणाले. "द्या माइक. घेतो म्हणून सांगू दे सगळ्यांदेखत."

समोर माझा दहावीचा वर्ग होता. पहिल्या रांगेतल्या पोरींनी माना खाली घातल्या. पण माइक हातात आला की मला विशेषणं लावल्याशिवाय बोलताच येत नाही. मी पुकारलं, "संस्थेच्या वतीनं, कोणतीही नोटीस न देता, कोणतीही चौकशी न करता देण्यात आलेला हा बडतर्फीचा आदेश मी आदरपूर्वक स्वीकारत आहे!" खरं सांगतो, यात माझी काही हुशारी नव्हती. सवय होती.

हेडक्लार्कनं माझं वाक्य जसंच्या तसं पोचपावतीवर उतरवलं. मी सही केली. अध्यक्षांनीही न वाचता झोकदार सही ठोकली.

ती पोच बघून वकीलबाईंनी पुन्हा चष्मा काढला. एकोणतिसाव्या दिवशी अपील दाखल झालं. मग तारखा पडत गेल्या, दोन पावसाळे एसटीच्या खिडकीतून बघून झाले. संस्थेचे वकील दर तारखेला म्हणायचे की चौकशी रीतसर झाली होती, कागद तेवढे सापडत नाहीत. शेवटी न्यायाधीशांनी ती पोच त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "ही सही अध्यक्षांचीच ना?" वकिलांनी पुढची तारीख मागितली, ती मिळाली नाही. आदेश रद्द झाला आणि मला पूर्वपदावर घ्यायला सांगितलं.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पत्र घेतलंच न्हाई तर काय होतं?" वर्ग खदखदला. मी फळ्यावर 'घेण्यास नकार' लिहिलं, आणि तो तास माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला तास झाला.

यंदा अध्यक्षांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. हेडक्लार्क यादी घेऊन आला. "सर, तुमाला वरण-भात. माइकपासून लांब."

"चालेल," मी म्हणालो. "तेवढं लेखी द्या. रजिस्टरनं पाठवलं तरी हरकत नाही. मी घरीच असतो."

पत्र काही आलं नाही. लग्नाला मी बायकोला घेऊन पाहुण्यासारखा गेलो आणि पहिल्या पंगतीला बसलो. वाढायला विज्ञानाचे सर होते. त्यांनी मला दोनदा भात वाढला.