पान खालून मोजणारे काका

हातात कुठलाही कागद आला की ते आधी त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवत. मग ती लग्नपत्रिका असो की विजेचं बिल. "पान इथून सुरू होतं," म्हणत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, वरून दोन इंच सोडा, की यांचा चेहरा पडे.

बोईसरच्या आमच्या छापखान्यात कारखान्यांच्या ड्रमांवर चिकटवायची लेबलं छापली जातात. आम्ही सगळे माऊसने चौकटी ओढायचो. काका एकटे प्रिंटरच्या भाषेत पान लिहून काढत: इथे जा, एवढी रेघ ओढ, हे अक्षर ठेव. त्या भाषेत पानावरची प्रत्येक जागा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात. तुम्ही म्हणाल, कशाला एवढा खटाटोप? मीही म्हणायचे. पण दर लेबलावर वेगळा नंबर हवा असला, की त्यांच्या चाळीस ओळींतून ढीगभर लेबलं न चुकता निघत.

चहाच्या वेळी ते या भाषेचा इतिहास सांगत. पूर्वी म्हणे प्रत्येक प्रिंटरची बोली निराळी, एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नसे. मग पानाचं वर्णन करणारी एक भाषा आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची मशीनं ती समजू लागली. पुढे तयार पानांच्या फायली आल्या आणि हाताने लिहिणारे कमी कमी होत गेले. गोष्ट इथवर पोचेपर्यंत आमचे कप रिकामे झालेले असत आणि समोर कोणी उरलेलं नसे. तरी ते शेवटपर्यंत सांगत.

बायको वारल्यापासून एडवणच्या घरी ते एकटेच राहत. निवृत्तीच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले.

"बाय, चार दिवसांचं काम हाय. शिकून घे. माझ्यामागं हे कोणाला वाचता यायचं नाय."

मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. खरं तर मला कंटाळा आला होता. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. ते वारल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. फार लाज वाटली.

परवा एका जुन्या लेबलावरचा पत्ता बदलायचा होता, म्हणून त्यांची फाईल पहिल्यांदाच उघडली. या भाषेत टक्क्याच्या खुणेपुढे लिहिलेलं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. एवढं मला ठाऊक होतं. पत्त्याच्या वर तशी एक ओळ होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी:

"बाय, पत्ता खाली हाय. अडलं तर फोन कर. मी घरीच हाय."