मुक्काम पोस्ट पिशोर

कुणी “गाव कोणतं?” असं विचारलं की उस्ताद आधी जीप रस्त्याच्या कडेला घ्यायचे, न्यूट्रलला टाकायचे आणि मग म्हणायचे, “हा सवाल चालत्या गाडीत सुटत न्हाई, साहेब.”

आमच्या सरकारी कचेरीच्या जीपचे ते ड्रायव्हर. मी तलावांच्या कामावर मजुरांची हजेरी तपासायला जाणारा कारकून. ड्रायव्हर म्हणून सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हीही हाच प्रश्न विचारला असता. रंग काळाभोर, केस बारीक कुरळे, उंची अशी की जीपमध्ये मान तिरकी करून बसावं लागे. त्यांचा बाप लहानपणी समुद्रापलीकडून, हबशी मुलखातून आलेला. हैदराबादेत निजामाच्या घोडदळात त्यानं चाकरी केली. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते पथक मोडलं, तेव्हा बायको आणि तान्हं पोर घेऊन तो आमच्या शहरात, शहागंजात सासुरवाडीला आला. ते तान्हं पोर म्हणजे उस्ताद. बापाला आपल्या गावाचं नाव आठवत नव्हतं, त्यामुळे मुलाला ते कधी मिळालंच नाही.

“शहागंज,” ते सांगायचे.

“ते झालं हो. पन मूळ गाव?”

इथं उस्ताद टोपी काढून पुन्हा घालायचे.

मी पडलो शिकलेला. एकदा त्यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं, “उस्ताद, हे शहर वसवणारा वजीरसुद्धा हबशीच होता. म्हणजे सगळं शहरच तुमचं!”

“शहर दिया, बड़ी मेहेरबानी,” ते हसून म्हणाले. “लेकिन छुट्टी में जाने का कहाँ?”

खरी अडचण तीच होती. सुट्ट्या लागल्या की कचेरी रिकामी व्हायची. जो तो ‘गावाकडं’ जायचा आणि येताना हरभरा, बोरं, काहीतरी आणायचा. उस्ताद तेवढे शहागंजातून कचेरीत यायचे आणि पुसलेली जीप पुन्हा पुसायचे.

माझं सगळं उलटं. मला अस्सल गाव होतं, पिशोर, आणि ते मी फाटक्या बनियनसारखं शर्टाखाली झाकून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर ‘कन्नडकडचा’ म्हणायचो, कारण तालुक्याचं नाव जरा बरं दिसतं. कचेरीत ‘येथे’, ‘तेथे’ असं बोलायचो. एकदा शिपायाला ‘पाणी आणावे’ म्हणालो, तर तो सहीसाठी कागद शोधायला लागला.

एकदा तलावाच्या कामावरून परतताना जीप नेमकी पिशोरलाच बंद पडली. नाइलाजाने मी उस्तादांना काकूकडे नेलं. चुलते गेल्यापासून ती एकटीच राहायची. तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला वाटलं, झालं, आता विचारणार.

“कुन्या गावचं पाव्हणं?”

जीप तिकडे रस्त्यावर पडलेली, न्यूट्रलला काय टाकणार? उस्ताद खाली बघत म्हणाले, “मला गाव न्हाई, माय.”

भाकरी थापता थापता काकू थांबली. “गाव नाय? मग हे घ्या की! आमच्या ह्याला तर लाजच वाटती गावाची. पडूनच हाय त्याच्या वाटचं.”

“काकू, असे काही नाही,” मी म्हणालो.

“बघा, कसं बोलतंय,” काकू त्यांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जीप दुरुस्त करून निघालो, तेव्हा वाटेत घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “ड्रायव्हरसायब, गाव कंचं?”

“पिशोर. तालुका कन्नड.”

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, ती तिसऱ्याच गिअरमध्ये राहिली. मी बाहेरची बाभळीची झाडं बघत बसलो.

मग ते खरंच पिशोरला जायला लागले. पोळ्याला, हुरड्याला, कुणाकुणाच्या लग्नाला. परत येऊन माझ्याच गावच्या बातम्या मला सांगायचे. “साहेब, लई दिस झाले, गावाकडं चला की.” मी म्हणायचो, मुलाची परीक्षा आहे. मुलाच्या परीक्षा संपल्या, त्याला नोकरी लागली, तरी माझं कारण तेच होतं.

काकू गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सरण रचून होत आलं होतं. लाकडं वाहणाऱ्यांत उस्ताद होते. परगावच्या एका पाहुण्यानं त्यांच्याकडे बोट करून हळूच विचारलं, “हे कोन?”

“आमचेच हायेत,” गावातला एक जण म्हणाला. “नोकरीपायी शहागंजला असत्यात.”

उस्तादांनी ते ऐकलं. खांद्यावरचं लाकूड खाली ठेवून त्यांनी टोपी काढली आणि डोळ्यांवर धरली. काकूचं दुःख होतंच, पण खोटं कशाला सांगू, मला त्यांचा हेवा वाटला. मला बघून तसं कुणी म्हणालं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. शहागंजातल्या घरी मी गेलो, दफनाला थांबलो. निघताना त्यांच्या मुलीनं मला बाजूला बोलावलं.

“साहेब, अब्बांच्या गावाला कळवायला पाहिजे.”

“मी जातो,” म्हटलं. या खेपेला कारण सुचलं नाही.

पिशोरच्या स्टँडवर उतरून चहाच्या हॉटेलात शिरलो. मालकानं कप पुढं केला. “गाव कोणतं, साहेब?”

“इथलाच,” मी म्हणालो. ‘येथला’ म्हणालो नाही, याची नोंद घ्यावी.

त्यानं माझ्या बुटांपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही. माझाही फारसा बसला नव्हता.

“इथले? कुनाचे?”

मी चुलत्याचं नाव सांगितलं. त्याला आठवेना. काकूचं सांगितलं, तरी आठवेना. शेवटी म्हणालो, “शहागंजच्या उस्तादांबरोबर जीपमध्ये असायचो मी.”

“आसं सांगा की!” त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसला. “म्हंजी आपलेच तुमी. बसा, बसा. आन् उस्ताद कव्हा यायलेत गावाकडं?”

हा सवाल चालत्या गाडीत सुटणारा नव्हता. मी कप खाली ठेवला.